‘रक्त पातळ’ गोळ्यांच्या मेसेजला उत्तर

‘रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनो, सावधान!’ असा एक मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. रामबाग, सुदामानगरचे काका-मावश्या माझ्या औषधांच्या दुकानात तो दाखवून ‘खरं का हो?’ विचारतात. थोडंच खरं आहे.

या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं होतं म्हणे. नाही होत. दाटपणा तेवढाच राहतो, फक्त गुठळी सहज धरत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, एसिट्रॉमची तऱ्हा वेगळी: व्हिटॅमिन के वापरून यकृत जे रक्त गोठवणारे घटक बनवतं, ते त्या कमी करतात. मेसेजनं सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय.

त्यामुळेच ‘पालक-मेथी कायमची बंद’ हा फतवा, कारण पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं. ॲस्पिरिनवाल्यांचा त्याच्याशी संबंधच नाही. एसिट्रॉमवाल्यांनी पालेभाजी रोज साधारण सारखी खावी. महिनाभर उपास आणि मग आठवडाभर पालकच पालक, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा आकडा) हलतो. पोह्यांवरच्या कोथिंबिरीनं काही बिघडत नाही.

‘दात काढायच्या आधी आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद.’ हे वाक्य जीवावर बेतू शकतं. नुकताच स्टेंट बसलेल्यानं मनानं गोळ्या सोडल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर तिच्यावर गुठळी धरून पक्षाघाताची भीती. साधा दात काढताना ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. गॉज दाबून, लागलं तर टाका घालून रक्त थांबवतात. एसिट्रॉमवाल्यांचा आयएनआर आधी बघतात. काय थांबवायचं आणि किती दिवस, ते गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे करून कांदा हुंगवा? डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं आणि थांबल्यासारखं वाटतं. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबा.

‘काळी शी म्हणजे उष्णता, थंड दूध घ्या.’ इथं मात्र माझं डोकं तापतं. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी म्हणजे बहुधा जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीला रक्त जातंय. लोहाच्या गोळीनंही शी काळी होते, पण सहसा अशी चिकट नाही. शंका असली तर त्याच दिवशी दाखवा. सोबत चक्कर, घाम, धाप असेल तर सकाळची वाट बघू नका. इंदूरचं सरकारी एमवाय असो की घराजवळचं हॉस्पिटल, सगळ्या स्ट्रिपा घेऊन निघा. पुढची गोळी घ्यायची का, तेही तिथंच विचारा.

एवढ्या लांब मेसेजमध्ये गुडघेदुखीच्या गोळ्यांवर एक अक्षर नाही! ॲस्पिरिनच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यानं पोटात रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो, आणि काउंटरवर लोक मागतात नेमक्या ह्याच. म्हणून मावशी, मी आधी बाकीच्या गोळ्या विचारतो, रागावू नका.