दुसऱ्या दिवशीची विडाल : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचा आक्षेप थोडक्यात असा: "तुम्ही विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) नको म्हणता. चोपड्याला आमच्या मुलीची तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल १:१६० (म्हणजे पॉझिटिव्ह) निघाली, इंजेक्शनं दिली, तीन दिवसांत ताप गेला. मग टेस्ट खोटी कशी?"

ताप तीन दिवसांत गेला, म्हणूनच टायफॉईडची शंका कमी होते. खऱ्या टायफॉईडमध्ये योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी ताप उतरायला बहुधा ४ ते ६ दिवस लागतात. (तिसऱ्या दिवशी "गुण येईना" म्हणून दवाखाना बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) शिवाय विडाल ज्या अँटिबॉडी (जंतूंविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) मोजते, त्यातली 'ओ' ताप सुरू झाल्यावर साधारण ६ ते ८ दिवसांनी आणि 'एच' १० ते १२ दिवसांनी दिसते. दुसऱ्या दिवशी जे सापडलं, ते बहुतेक जुन्या संसर्गाचं. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी आणि घरोघरी साठवण, दूषित पाण्यातून टायफॉईडचे जंतू पोटात जातात, त्यामुळे असे जुने आकडे धडधाकट पोरांतही निघतात.

मग करायचं काय? टायफॉईडचा संशय असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी). लहान मुलांच्या बाटलीत १ ते ३ मिली रक्त लागतं. थेंबभर घेतलं की जंतू हातचे निसटतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. कल्चर निगेटिव्ह आलं तरी टायफॉईड नाहीच असं म्हणता येत नाही, हा त्याचा दोष मान्य. पण पॉझिटिव्ह आलं तर कुठलं औषध चालेल तेही कळतं.

डोसातही गफलत होते. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक एरवी रोज ८ मिग्रॅ प्रति किलो, टायफॉईडला मात्र १५ ते २० मिग्रॅ प्रति किलो रोज, दोन वेळांत विभागून. १५ किलोच्या मुलाला रोज ३०० मिग्रॅपर्यंत. सिरपच्या बाटलीवरची नेहमीची मात्रा इथे अपुरी पडते. हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही फक्त वजन करून घ्या.

माझा खरा राग वेगळाच आहे. साठवणीच्या त्याच पिंपात डेंग्यूचा डासही वाढतो. "टायफॉईड निघाला" म्हटलं की डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मलेरियाची तपासणी मागे पडते. डेंग्यूत धोका ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान असतो. तेव्हा पोट खूप दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार, लघवी कमी, मूल सुस्त, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नको.