प्रश्न विचारू देऊ नका, असं कुठल्या धर्माने शिकवलं?

धाकट्या भावाला गेल्या महिन्यात बढती मिळाली, आता त्याच्या हाताखाली अकरा माणसं आहेत. मागच्या आठवड्यात त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला, 'नेत्यांनी धर्माकडून शिकायच्या चार गोष्टी'. प्रश्न विचारू देऊ नका, प्रश्न म्हणजे श्रद्धेला लागलेली कीड. तेच तेच पुन्हा पुन्हा करून घ्या. बाहेरचा शत्रू दाखवत राहा. नियम कधी बदलू नका, धर्म त्यामुळेच हजारो वर्षं टिकले. खाली भावाने लिहिलं होतं, "ताई, उद्याच्या मीटिंगपासून सुरू करतोय." हाच मेसेज आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता घरात शिरलाय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, आणि धादांत खोटा. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपतो तेव्हा पवारणा होते. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तिची रीत दिली आहे. प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून सांगतो, की माझ्याकडून चुकीचं घडलेलं काही तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा, मी सुधारेन. सुरुवात सगळ्यात ज्येष्ठ भिक्खू करतो. नुसती शंका आली तरी बोलायची मुभा आहे. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात तर स्वतः बुद्ध पाचशे भिक्खूंसमोर विचारतात, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही आक्षेपार्ह दिसतं का? अडीच हजार वर्षं टिकलेल्या संघाने शंकेला कीड मानलं नाही, तिच्यासाठी दिवस राखून ठेवला.

प्रश्न खरोखर बंद केले तर काय होतं, तेही घडून गेलंय. 18 नोव्हेंबर 1978, दक्षिण अमेरिकेतल्या गयानातलं जोन्सटाउन. जिम जोन्स या पंथप्रमुखाच्या शब्दावर तिथे त्याच्या अनुयायांना विष दिलं गेलं. त्या दिवशीचे बळी नऊशेच्या वर, त्यांत सुमारे तीनशे लहान मुलं. शेवटच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत एक बाई उभी राहून विचारते, दुसरा काही मार्ग नाही का? मुलांना जगायचा हक्क आहे, असंही म्हणते. तिला गप्प करायला जोन्सला फार कष्ट पडले नाहीत, जमावच तिच्यावर ओरडला. 'प्रश्न विचारू देऊ नका' या सल्ल्याचं टोक हे आहे, आणि लोक तो सुविचारासारखा पुढे ढकलतायत.

तेच तेच करून घेण्याचं, म्हणजे कडक नियम पाळायला लावण्याचं, थोडं खरं आहे, मान्य करते. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या, समान विचारांच्या लोकांनी एकत्र राहायला वसवलेल्या 83 वसाहतींचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध केला. धार्मिक वसाहतींपैकी ज्यांचे नियम जास्त कडक, त्या जास्त काळ टिकल्या. पण निधर्मी वसाहतींत कडक नियमांचा तसा उपयोग दिसला नाही. म्हणजे रोज सकाळी ऑफिसात घोषणा म्हणायला लावून निष्ठा येईल, हे यातून निघत नाही.

शत्रूच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. शत्रू दाखवून माणसं गोळा करायला धर्म लागतोच कशाला?

आणि नियम न बदलणं? कॅथलिक चर्चने शतकानुशतकं लॅटिनमध्ये चाललेली प्रार्थना 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, निर्णयानुसार लोकांच्या भाषेत आणली. टिकायचं होतं म्हणूनच बदलले.

काल भावाचा फोन आला, खुशीत होता. "ताई, शिस्त आली बघ. मी कामाची तारीख सांगितली, एका मुलीने वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटून टाकली. कुणी चकार शब्द काढला नाही."

मी विचारलं, वहीत काय होतं?

"विचारलं नाही."

मग उद्या विचार, बाळा. सगळ्यांसमोर विचार, आणि ती बोलेपर्यंत थांब.