झोन तीन वगळता सगळं उत्तम

रात्री अडीचला घरच्या चोर-अलार्मचा भोंगा केकाटतो. तुम्ही अंधारात ठेचकाळत कीपॅडपर्यंत पोचता आणि डोळे बारीक करून '३' हा आकडा वाचता: झोन तीन, म्हणजे एका वायरवर जोडलेली दारं-खिडक्यांची तिसरी टोळी. अशा वेळी 'झोन तीनमध्ये नक्की काय बिघडलंय' असला विचार मनात आलाच, तर झटकून टाका. बायपास नावाची सोय कशासाठी दिली आहे? कोड दाबा, झोन वगळा, झोपा. सकाळी बघू. सकाळी ते आठवत नाही, हेच या उपायाचं खरं सौंदर्य. काही पॅनेलं (सगळ्या वायरी जिथे येतात तो अलार्मचा मुख्य डबा) आगाऊ असतात. सिस्टीम बंद केली की बायपासही काढून टाकतात, म्हणजे रोज रात्री पुन्हा तीच बटणं. पण आठवड्याभरात हाताला वळण पडतं.

मुळात वायरचा अलार्म हे संशयी जनावर. चौकटीत रीड स्विच (१९३६ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेली ही काचेची इवलीशी नळी), दारावर लोहचुंबक. दार बंद तर सर्किट जोडलेलं, उघडलं की तुटलं. वायर उंदराने कुरतडली तरी तुटलंच. पॅनेलला चोर आणि उंदीर यांत फरक करता येत नाही, म्हणून ते दोघांच्याही नावाने बोंब मारतं. जाणकार याला गुण समजतात. तुम्ही समजू नका.

त्याहून खोड्याळ म्हणजे वायरच्या शेवटचा रेझिस्टर. विजेला अडवणारा, काही हजार ओमांचा हा दाणा पार पलीकडच्या टोकाला, सेन्सरच्या पोटात बसवायचा असतो. पॅनेल सतत चाचपत राहतं: रोध अपेक्षेएवढाच आहे ना? अमर्याद झाला तर वायर तुटली; शून्यावर आला तर वाटेत कुणीतरी दोन तारा एकमेकींना चिकटवल्या. आता एका रेझिस्टरसाठी शिडीवर कोण चढणार? तो पॅनेलच्या डब्यातच टर्मिनलवर पिळून टाका. पॅनेलला हवा तो आकडा मिळतो, हिरवा दिवा लागतो. पुढे कुणी वायर सोलून दोन तारा जोडल्या, तर दार सताड उघडं असलं तरी तो दिवा हिरवाच राहतो. एवढी निष्ठा माणसांतही दुर्मीळ.

आता मल्टिमीटर, व्होल्ट आणि ओम मोजायचा मीटर. झोनच्या तारा पॅनेलवरून सोडवून मग ओम मोजावेत, असं सांगणारे भेटतील. तुम्ही तारा जागेवर ठेवूनच मोजा. पॅनेलचा व्होल्टेज तारेवर असताना मीटर काहीतरी आकडा दाखवतोच. तो खरा नसतो, पण त्यावर दिवसभर वाद घालता येतो. एका झोनवर सोळा खिडक्या ओळीने जोडलेल्या असतील, तर चिकट माणूस मधल्या जोडावर वायर उघडतो, दोष अलीकडे की पलीकडे ते बघतो, मग उरलेल्या निम्म्याचं निम्मं करतो. चार फेऱ्यांत गुन्हेगार खिडकी हाती लागते. यात मजा ती काय? आपली जुनी पद्धत बरी: रोग रेड्याला, औषध पखालीला. आधी सेन्सर बदला. मग दुसरा सेन्सर बदला. मग पॅनेलकडे खुनशी नजरेने बघा.

हे मी अनुभवाने सांगतोय. दोन सेन्सर बदलून झाल्यावर मी टर्मिनलचा एक स्क्रू सहज सैल केला, तर त्याखाली तांबं नव्हतंच. वायरचं प्लास्टिकचं आवरणच दाबून बसवलेलं, आणि तांब्याची केसाएवढी एक तार कडेने कशीबशी टेकलेली. दिवसा ती टेकून राहायची, रात्री गारठ्यात सुटायची. दुपारी तपासायला येणाऱ्याला अर्थातच सगळं ठीक दिसायचं. नखाएवढं आवरण सोललं, स्क्रू आवळला, संपलं. बदललेले सेन्सर अजून खणात आहेत. दोन्ही उत्तम चालतात.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची वॉक टेस्टही (खोलीत चालून तो जागा होतो का बघण्याची चाचणी) अशीच उरकावी. त्याच्या नाकासमोर उभं राहून हात हलवा. दिवा लागला की पास. कोपऱ्यातून, भिंतीच्या कडेकडेने चालून बघणं हे चोरांचं काम, त्यांचं त्यांना करू द्या.

बॅटरीला तर हातच लावू नका. बारा व्होल्टची ती काळी वीट तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते म्हणे. मोजायचीच हौस असेल तर वीज चालू ठेवूनच मोजा. साडेतेराच्या वर आकडा दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. तो आकडा चार्जरचा असतो, पण हे बोलून का दाखवायचं? वीज काढून, भोंगा वाजवून, बॅटरी किती वेळ तग धरते ते बघण्याचा अघोरी प्रयोग केलात, तर भोंगा पहिल्या सुरातच कण्हायला लागेल. उगाच मनाला लागतं.

आणि हो, एकदा तरी पॅनेलच्या झाकणाच्या आतली यादी वाचा. माझ्याकडे तिथे पेन्सिलीने लिहिलंय: 'झोन ३ – मा.' मागचं दार, की माळा? लिहिणारा आता फोन उचलत नाही. माळा असेल तर प्रश्नच नाही. मागचं दार असेल, तर त्याला निदान कडी आहे; लावली होती का, ते उठून बघावं लागेल.