वाकळ बाजूला घेणार नाही

आज सकाळी मी तीन फोटो टाकले. अंगणात उन्हात घातलेली आईची वाकळ, म्हणजे गोधडी, निलंगा राईसची प्लेट आणि खरोसा लेण्यांपाशी आम्ही बहिणी. दुपारी पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन. "अगं, तिकडं लातुरात शेतकऱ्यांचे हाल, पाण्याचे हाल, आणि तुझं खाणं-फिरणं चाललंय! बरं दिसत नाही." तेव्हा गप्प बसले. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस. पहिल्या गाडीला पाण्याच्या १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आई घागरी रांगेला लावून ओट्यावर बसायची आणि बसल्या बसल्या वाकळ शिवायची. आजीची दोन लुगडी, बाबांचं धोतर, माझ्या शाळेच्या फ्रॉकचं ठिगळ. एक दिवस कॅमेरा घेऊन एक माणूस आला. घागरींचे फोटो काढता काढता म्हणाला, "मावशी, ती गोधडी जरा बाजूला घ्या, नुसत्या घागरी येऊ द्या." आईनं मुकाट्यानं वाकळ आत नेली.

असले फोटो छापून आले म्हणून वरची माणसं हलली असतील. मान्य. तेवढं मान्य.

पण दर वेळी आम्हीच बाजूला घ्यायचं का? वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडची माणसं घराला कुलूप लावून रानात जातात. गावात चिटपाखरू नसतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, त्यात पांडव म्हणून दगड मांडलेले, मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, आणि तुरीच्या, हरभऱ्याच्या कोवळ्या दाण्यांची ती भज्जी. ओळखपाळख नसली तरी पंगतीत ओढून बसवतात. हे कुणी दाखवायचं? देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या गाण्यातला संबळ कुणी ऐकवायचा? निलंग्याच्या निळकंठेश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरी, त्या अप्सरांच्या मूर्ती, बघून आल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचत नाही, ते मी सांगायचं नाही? दुष्काळी भागातल्या माणसानं चोवीस तास दुष्काळीच दिसायचं, हा कुठला न्याय?

नुसतं मिरवायला ताटांचे फोटो टाकणारे असतात, तेही खरं. असू देत.

त्या मे महिन्यात वाकळ पुरी झाली. शेवटचं ठिगळ बंद करायच्या आधी आईनं आत भाकरीचा तुकडा ठेवला. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणते ती. आम्ही सगळे एका हंड्यावर दिवस काढत होतो, आणि हिला वाकळीच्या पोटाची काळजी! फोटो काढणाऱ्याला हे कळलं असतं, तर त्यानं ती बाजूला घ्यायला लावली असती का, कुणास ठाऊक.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मैत्रीण वाईट नाही. तीही इकडचीच, काळजीनंच बोलली असेल. दिवाळीत आली की तिला हीच वाकळ पांघरायला देणार आहे.

तुमच्याही घरी असेल एखादी. फोटो टाका, आणि कुणी शिवली तिचं नाव लिहा, कुणाचं लुगडं आहे तेही लिहा.

आत्ता आईला मोबाइलवर सकाळचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला तिनं. म्हणाली, "उलट्या बाजूनं पण काढायचा की. टाके तिकडून दिसतेत."

सकाळी ऊन आलं की काढते.