करुणा शिकवा, पुरावा जोडा

धर्मशिक्षक असाल तर आधी मुलांकडे बघायची सवय सोडा. मुलं कुठं पळून जात नाहीत, अहवालाची मुदत मात्र निघून जाते. तुमच्या आधीची मंडळी वर्गात गोष्ट सांगायची, भलत्याच प्रश्नावर अडखळायची आणि "उद्या सांगतो" म्हणून रात्रभर विचार करत बसायची. पाठनियोजनात अडखळण्याचा रकाना नाही.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तासानंतर मुलाला काय यायला हवं ते, लिहिताना 'मूल दयाळू होईल' असं चुकूनही लिहू नका. 'विद्यार्थी दयेची चार उदाहरणे सांगतो' असं लिहा. शेजाऱ्याची पेन्सिल ढापून त्यानं चारही उदाहरणं घडाघडा म्हणून दाखवली, तरी श्रेणी कापायची नाही. पेन्सिल अभ्यासक्रमाबाहेरची आहे.

एखादा वाचणारा सहकारी सांगेल, की अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी १९५६ मध्ये ज्ञानाच्या पायऱ्या मांडल्या, तशा १९६४ मध्ये भावनिक क्षेत्राच्याही आल्या : पहिली नुसतं लक्ष देण्याची, शेवटची मूल्य अंगात मुरण्याची. मान डोलवा आणि पहिल्या पायरीवरच बूड टेका. मुरायला वर्षं लागतात, घटक चाचणी पुढच्या आठवड्यात आहे.

इंडोनेशियाकडून मात्र शिकण्यासारखं आहे. तिथल्या २००५ च्या कायद्यानं सगळ्याच शिक्षकांकडून चार क्षमता मागितल्या : अध्यापनाची, व्यक्तिमत्त्वाची, सामाजिक आणि व्यावसायिक. २०१० मध्ये धर्म मंत्रालयानं धर्मशिक्षकांसाठी पाचवी जोडली, नेतृत्वाची. गणिताच्या मास्तरांचं चारांत भागतं; तुम्हाला पुढारीही व्हायचंय! तेव्हा एखादी समिती गाठा, बैठकीचे फोटो काढा. व्यक्तिमत्त्वाचं काय, म्हणाल तर सच्चरित्र असल्याचा दाखला आणा. चारित्र्याला रोज सांभाळावं लागतं, दाखला एकदा लॅमिनेट केला की झालं.

मौनाच्या तासाला स्लाइड हव्यातच. पार्श्वसंगीतही ठेवा.

आता समाधानाचं बघू. शैक्षणिक संस्थांसाठी २०१८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं २१००१ असं स्वतंत्र मानकच आहे आणि शिकणाऱ्याचं समाधान वाढवणं हा त्याचा एक हेतू. तुमच्या तासाचं जुनं खूळ नेमकं उलटं : मुलाला जरा अस्वस्थ करायचं. 'खोटं बोललास, मग झोप लागली का?' असलं काहीतरी विचारायचं. अस्वस्थ मूल कदाचित वीस वर्षांनी तुमची आठवण काढेलही, पण आज अभिप्रायाच्या फॉर्मवर दोनच तारे देईल. (वीस वर्षांनंतरचा फॉर्म अजून कुणी काढलेला नाही.) म्हणून सद्सद्विवेकबुद्धीला हात न लावता शिकवा. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, तपासणी पथक तर चहाआधीच सही करून मोकळं.

आणि तरीही एखादी पोरगी शेवटच्या बाकावरून विचारतेच, चांगल्या माणसांच्या वाट्याला दुःख का येतं? घाबरू नका. त्याचा बहुपर्यायी प्रश्न करा, एका गुणाचा. फक्त पर्यायांत 'माहीत नाही' ठेवू नका; तोच बरोबर निघाला तर उत्तरसूची बदलावी लागेल.