कृष्णधवल छपाईला केवळ काळी शाई पुरत नाही

घरच्या प्रिंटरवर कृष्णधवल छायाचित्रे छापू पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’ निवडा, म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाईल आणि रंगाची झाक येणार नाही, काळी शाई कोणतीही चालते, कागद मात्र जास्तीत जास्त जीएसएमचा, पांढराशुभ्र आणि चकचकीत घ्या. सल्ला सुटसुटीत आहे, पण तो जसाच्या तसा पाळला तर निराशाच पदरी पडण्याची शक्यता जास्त.

ग्रेस्केलचा दावा मुळातच कच्चा आहे. चार शाईंच्या अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (द्रवात तरंगणाऱ्या रंगकणांची) आणि रंगीत शाई डायची (द्रवात विरघळलेल्या रंगाची) असते. ही काळी शाई साध्या कागदावरच्या मजकुरासाठी असते. कागदाचा प्रकार म्हणून ग्लॉसी फोटो पेपर निवडला की असा प्रिंटर तिला सहसा हातच लावत नाही आणि ग्रेस्केल निवडलेले असूनही सायन, मॅजेंटा व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून करडा रंग तयार करतो. अशा करड्या रंगाचा तोल प्रकाशानुसार ढळतो, त्यामुळे खिडकीशी तटस्थ वाटलेले चित्र दिव्याखाली हिरवट किंवा किरमिजी दिसू शकते. उलट खरोखरच एकट्या काळ्या शाईने छापले, तर फिकट छटांसाठी ठिपके विरळ टाकण्यावाचून प्रिंटरला गत्यंतर नसते, आणि गालावरच्या उजेडात किंवा ढगांत ते सुटे सुटे दिसतात. (हा रवाळपणा कोणी मुद्दाम निवडला असेल, तर गोष्ट वेगळी.) यावरचा खरा उपाय म्हणजे काळ्याबरोबर करडी शाईही असलेला प्रिंटर, एप्सनच्या ‘के३’ संचात काळ्या शाईच्या तीन पातळ्या ठेवल्या गेल्या त्या याचसाठी. तिथेही रंगीत शाई पूर्णपणे वर्ज्य नसते, कारण कार्बनची काळी शाई पातळ झाली की तपकिरीकडे झुकते आणि ती झाक सावरायला थोडा रंग लागतोच.

‘काळी शाई कोणतीही चालते’ हे तर एका बोटाने खोटे ठरते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, कागदासाठीची पिगमेंट काळी शाई ग्लॉसी कागदावर छापून, वाळू देऊन बोट फिरवावे, काजळी निघते. ग्लॉसी कागदासाठीची ‘फोटो ब्लॅक’ शाई मॅट कागदावर वापरली तर ती टिकते, पण गडद भाग राखाडी दिसतात. शिवाय स्वस्त डाय शाई सच्छिद्र लेपाच्या कागदावर उघडी टांगली, तर हवेतल्या ओझोननेही फिकी पडते.

जीएसएम म्हणजे कागदाचे वजन. शाई धरून ठेवतो तो वरचा लेप, आणि लेपाची प्रत वजनावरून कळत नाही. चकचकीतपणाचा आग्रह मात्र अर्धा खरा आहे. मॅट कागदावर काळ्याची घनता (छापलेला काळा किती गडद, याचे माप) साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, तर चांगल्या ग्लॉसी किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर २.२ च्या आसपास. घनतेचे माप लॉगरिदमिक असल्याने ०.६ चा फरक म्हणजे काळ्या भागातून परतणारा प्रकाश जवळपास एक चतुर्थांश. तरीही काचेमागे लावायच्या किंवा धुक्यासारख्या मंद छटांच्या चित्राला मॅट कागदच शोभतो, असे माझे मत आहे.

राहता राहिला शुभ्रपणा. तो बहुधा ऑप्टिकल ब्राइटनरमुळे येतो. ही द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश देतात आणि वर्षानुवर्षे उजेड लागून निष्प्रभ झाली की कागद पिवळट दिसू लागतो. कृष्णधवल चित्रात हा बदल लपवायला रंग नसतात, म्हणून तो आधी नजरेत भरतो. घेण्यापूर्वी नमुन्यावर अतिनील टॉर्च धरावा: कागद निळसर चमकला, तर त्यात ब्राइटनर आहे.