फुफ्फुसांना खमंग फोडणी कशी द्यावी

थंडी पडली की सगळ्यात आधी खिडक्या लावून घ्या. चांगल्या घट्ट. बाहेरची हवा फार वाईट असते, हायवेची धूळ, वीटभट्ट्यांचा धूर. ते आत यायला नको. आतला धूर आपला घरचा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मग भरिताची वांगी आणा. जळगावकडच्या बामणोद गावची मिळाली तर सोन्याहून पिवळं. खरं तर ती शेतात, कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि धूर आभाळात जाऊ द्यायचा. पण शेतात कोण मरायला जातं? तिसऱ्या मजल्यावर, गॅसवर भाजा. तेल धुरावेपर्यंत तापवा, त्यात लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा सोडा. हॉलमधल्या पाहुण्यांना ठसका लागला नाही तर ती फोडणी कसली? त्या धुरातले बरेचसे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा हिस्सा. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते पार फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात आणि लांबच्या पाहुण्यासारखे तिथेच मुक्काम ठोकतात.

केर कोरडाच काढा. पंखा फुल ठेवून.

दिवाळीत लहान पोरांच्या हातात नागगोळी द्या, आवाज होत नाही म्हणून. २०१६ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण याच गरीब गोळीतून निघाले होते.

तिन्हीसांजेला आधी देवाची अगरबत्ती, मग धूप, आणि झोपताना दार लावून मच्छर अगरबत्ती. एक कॉइल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. पाहुण्याला सिगारेट ओढायला गच्चीवर पिटाळणाऱ्या घरातच ही कॉइल तान्ह्याच्या पाळण्याखाली लावलेली मी पाहिली आहे.

आणि आता मुख्य सल्ला. एक्झॉस्ट फॅन बसवू नका. विकत घ्या, जरूर घ्या, पण बसवू नका. माझ्या मावसभावाने जळगावात नवा फ्लॅट घेतला, गेल्या रविवारी तिथे जेवायला गेलो होतो. बिल्डरने किचनच्या भिंतीत फॅनसाठी गोल भोक ठेवलंय. त्यात कबुतरं येतात म्हणून पुठ्ठा, त्यावर जुने पेपर आणि वरून थर्माकोल कोंबलाय. थर्माकोल तेलाने पिवळा पडलाय, खालच्या टाइलवर ओघळ आलाय. फॅन कुठे आहे? माळ्यावर, खोक्यात, वास्तुशांतीपासून. "इलेक्ट्रिशियनच भेटत नाही रे." हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आहे, पीओपीत निळे दिवे आहेत, ते बहुतेक आकाशातून पडले असावेत. आत वहिनी नाकाला पदर लावून उभी. फोडणी टाकायची, तोंड फिरवायचं, खांद्यात खोकायचं, परत कढईकडे वळायचं. आणि आमचे भाऊसाहेब सोफ्यावरून विचारतात, "काय गं, मिरची जास्त झाली का?"

मी फॅनचं काढलं तर म्हणाला, "काही व्हत नही रे भो! आमच्या मायने सारी जिंदगी चुलीवर काढली."

काढली ना. आणि शेवटची वर्षं उशाला लोड लावून, बसल्या बसल्या झोपून काढली, ते विसरलास? दोन पायऱ्या चढली की मावशी कठडा धरायची. तिच्या उशाशी पंप असायचा. तिने आयुष्यात कधी विडी ओढली होती का? चुलीच्या धुराने विडीला हात न लावलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या आकसण्याचा आजार होतो, फुफ्फुसं कायमची जातात, हे छातीचा कुठलाही डॉक्टर सांगेल. घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आता चूल गेली, गॅस आला, म्हणून तुम्ही सुटलात? भोकं बुजवून गॅसवर तेल जाळताय, आणि बाई खोकली की म्हणताय वातावरण बदललंय! वातावरण नाही बदललं. तुम्ही तिला कोंडून ठेवलंय. स्वयंपाक तिने करायचा, धूर तिने गिळायचा, आणि फॅन बसवायला वेळ कुणाला नाही? ज्याला मॅचच्या आधी केबलवाला अर्ध्या तासात सापडतो, त्याला!

लाज वाटू द्या थोडी. खिडकी उघडायला पैसे पडत नाहीत. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, घरात तीही माळ्यावरच असेल. स्टूल घ्या, वर चढा, ते खोकं खाली काढा आणि भोकातला पुठ्ठा उपसा. कबुतरांना जाळी मिळते. आणि इलेक्ट्रिशियन भेटत नसेल, तर ज्याने ते निळे दिवे लावले त्याचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहे.